राधानगरीचा रस्ता शांत का आहे?

सायकलवाल्यांच्या कुठल्याही टोळक्यात जाऊन बसा, दहाव्या मिनिटाला विषय निघतो तो शांत रस्त्याचा. चढ किती, अंतर किती, मिसळ कुठे मिळते हे सगळं नंतर. आधी प्रश्न एकच, ट्रक किती? आमच्या ऑफिसातला एकजण दोन वर्षं ऑनसाईटला स्वित्झर्लंडला होता. परत आल्यापासून तो आम्हाला आल्प्सच्या पायथ्याच्या खोऱ्यांची वर्णनं ऐकवून ऐकवून पिडतो. नदीकाठचा रस्ता, दोन्ही बाजूला हिरवे डोंगर, आणि तासभर पायडल मारलं तरी गाडी म्हणून दिसत नाही वगैरे. मी कोल्हापूरचा. असलं काही ऐकून गप्प बसणं आमच्या रक्तात नाही. म्हटलं, "एकदा आमच्या राधानगरीला ये, मग बोल."

तो आला, आम्ही कोल्हापुरातून भोगावतीच्या काठाकाठाने वर गेलो, पुढे धरणाच्या कडेने दाजीपूरपर्यंत. त्याने "मान गए" म्हटलं हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतोय :) पण मग त्याने एक प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नाने मला पुढचे तीन-चार वीकेंड कामाला लावलं. "अरे, पण हा रस्ता इतका रिकामा का आहे?"

गावाकडचा रस्ता आहे म्हणून, हे उत्तर चालणार नाही. गावाकडचे रस्ते अजिबात रिकामे नसतात. वडाप आहे, दुधाच्या गाड्या आहेत, वाळूचे डंपर आहेत. आणि हा रस्ता काही आडगल्ली नाही. राधानगरीवरून पुढे जातो तो देवगड-निपाणी राज्यमार्ग, देशावरून थेट कोकणात उतरणारा. नकाशात बघितलं तर इथे सकाळ-संध्याकाळ रांगा लागायला पाहिजेत.

याचं अर्धं उत्तर त्या स्वित्झर्लंडवाल्याच्याच लाडक्या रस्त्यात आहे. गोटहार्ड खिंडीच्या दक्षिण उतारावर ट्रेमोला नावाचा जुना घाट आहे. दगडी फरसबंदी, एकावर एक रचल्यासारखी वळणं. १८२७ ते १८३२ च्या दरम्यान बांधलेला, घोड्यांच्या टपालगाड्यांच्या काळातला. १८८२ साली त्या डोंगराखालून रेल्वेचा बोगदा सुरू झाला आणि १९८० साली मोटारींचा. माल आणि घाई दोन्ही डोंगराच्या पोटातून जायला लागली, वरचा रस्ता मोकळा झाला आणि आता तिथे जगभरचे सायकलवाले जाऊन फोटो काढतात. म्हणजे तो रस्ता जन्मापासून शांत नव्हता. शेजारी दुसरं काहीतरी झालं म्हणून शांत झाला.

आपल्या फोंडा घाटाचंही थोडंफार तसंच आहे. एकोणिसाव्या शतकात हा घाट म्हणजे चांगली गजबजलेली वाट होती. देशावरचा कापूस, गूळ, निपाणीकडचा तंबाखू बैलगाड्यांतून घाट उतरायचा आणि कोकणातल्या बंदरांत जाऊन गलबतात चढायचा. उलट्या दिशेने मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. बैलगाडीचा घाट म्हणजे काय प्रकार असेल याची कल्पना सायकलवरच येते. गाडीत बसून नाही येत. पहिल्या गिअरवर धापा टाकत चढताना वाटतं, इथून भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलांचं काय होत असेल!

मग रेल्वे आली. मार्मागोवा बंदर १८८० च्या दशकाच्या शेवटी रेल्वेने घाटमाथ्याशी जोडलं गेलं. १८९१ साली कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली. माल पूर्वेला मिरजेकडे जाऊन रेल्वेत चढायला लागला. कोल्हापूरची तोंडं पश्चिमेकडून पूर्वेकडे वळली ती कायमचीच. पुढे मोठा हमरस्ता झाला तोही पुणे-बंगळूर, म्हणजे परत पूर्वेच्याच अंगाने. कोकणाच्या बाजूने १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली. राधानगरीचं खोरं या दोन्हींच्या मध्ये राहून गेलं.

पण हे निम्मंच उत्तर झालं. घाटाची वाहतूक ओसरली हे ठीक. घाटाखालचं आणि वरचं खोरं इतकं हिरवं, इतकं कमी वस्तीचं कसं राहिलं? इथून पुढे गोष्ट धरणाची आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते. (सॉफ्टवेअरवाल्यांना तर आवडावीच, कारण ती एका रखडलेल्या प्रोजेक्टची गोष्ट आहे.)

शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि दोन-तीन वर्षांत दुष्काळ, पाठोपाठ प्लेग. १९०२ साली ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला इंग्लंडला जाऊन आले. त्याच सुमाराला संस्थानात पाण्याच्या प्रश्नावर पद्धतशीर विचार सुरू झाला आणि शतकाच्या पहिल्याच दशकात भोगावती अडवायचं ठरलं. जागा निवडली ती फेजिवड्याजवळची. तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचं नाव दिलं आणि तिथल्या गावाला मुलीचं, राधाबाईंचं. म्हणून राधानगरी.

काम जोरात सुरू झालं. भिंत साधारण चाळीस फुटांपर्यंत आली आणि १९१८ साली थांबली. महायुद्ध, महागाई, पैशाची ओढाताण. एवढंसं संस्थान ते, ब्रिटिश सरकारसारखी तिजोरी थोडीच होती. १९२२ साली महाराज गेले. भिंत तशीच उभी. राजाराम महाराजांच्या काळात १९३९ साली काम पुन्हा हातात घेतलं, तर दुसरं महायुद्ध आलं. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. धरण पूर्ण झालं १९५४ साली. आमच्याकडे रिलीज दोन आठवडे पुढे गेलं तर क्लायंटच्या आवाजाने हेडफोन फुटायची वेळ येते. इथे सुरुवात करणारं सरकार आणि संपवणारं सरकार वेगळं, मधे दोन महायुद्धं, आणि तरी कुणीतरी जुना आराखडा फडताळातून काढून पुढचा दगड बसवला.

या गोष्टीला एक पोटगोष्ट आहे. जिच्या नावाने गाव आहे त्या राधाबाई म्हणजे अक्कासाहेब. १९०८ साली त्यांचं लग्न देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांशी झालं. संसार काही टिकला नाही, त्या कोल्हापूरला परत आल्या. हे तुकोजीराव म्हणजे ज्यांच्याकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली खाजगी सचिव म्हणून राहिला तेच. त्या दिवसांवर त्याने 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक लिहिलं, ते १९५३ साली आलं. आणि अक्कासाहेबांचा मुलगा विक्रमसिंह १९४७ साली दत्तक येऊन शहाजी महाराज या नावाने कोल्हापूरच्या गादीवर बसला. म्हणजे आजोबांनी धरण काढलं, आईच्या नावाने गाव वसलं, नातवाच्या हातून संस्थान विलीन झालं आणि तेव्हाही धरण अपुरंच होतं. एसटी स्टँडवर 'राधानगरी' पाटी वाचताना इतकं सगळं कुणाच्या डोक्यात येणार!

धरणाची साठवण ८.३६ टीएमसी. आजच्या हिशोबाने छोटंच. पण त्याचे सात स्वयंचलित दरवाजे मात्र कोल्हापुरात प्रत्येकाला ठाऊक आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की त्या दाबानेच दरवाजा उघडतो, पातळी उतरली की मिटतो. बटण दाबायला माणूस लागत नाही. पावसाळ्यात "राधानगरीचे चार दरवाजे उघडले" ही बातमी आली की पंचगंगेकाठच्या घरांत लोक सामान वर उचलायला लागतात. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे आकडे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक हाही. आमच्या घरी तर पाऊस लागला की आजी क्रिकेटच्या स्कोअरसारखं विचारायची, "किती झालं रे फूट?"

आता सायकलवाल्याच्या कामाचा मुद्दा. धरण म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे कालवे येतात. कालवा आला की कालव्याकडेचा रस्ता, त्यावर जीप, मग नाके, टपऱ्या, आणखी काय काय. राधानगरीला तसं केलंच नाही. धरणातून सोडलेलं पाणी नदीतूनच खाली येतं. नदी हाच कालवा! आणि ते पाणी जागोजागी अडवायला बंधारे, ज्यांना सगळा महाराष्ट्र 'कोल्हापूर पद्धतीचे बंधारे' म्हणतो. दगडी खांब उभे, खांबांना खाचा. पावसाळा संपला की खाचांत बरगे घालायचे, म्हणजे नदी तुंबते आणि शेतकरी पंपाने पाणी उचलतो. पावसाळ्याआधी बरगे काढून घ्यायचे, म्हणजे पूर आणि गाळ मोकळा जातो. इतकी साधी युक्ती. एखादं डिझाईन बघून आपण "अरे, हे मला का नाही सुचलं" म्हणतो ना, त्यातलं हे आहे.

या बंधाऱ्यांच्या डोक्यावरून चालत, सायकलने, कुठे बैलगाडीने पलीकडे जाता येतं. शिरगाव, राशिवडे, हळदी, कोगे असे भोगावतीवर ते एकामागे एक आहेत. त्यामुळे झालंय काय, की नदीच्या दोन्ही काठांना गावं जोडणारे अरुंद रस्ते आहेत आणि ते या बंधाऱ्यांनी एकमेकांना शिवलेले आहेत. मोठी गाडी तिथून जाऊ शकत नाही. मुख्य रस्त्याने वाशी, हळदी, परिते करत सरळ राधानगरी गाठली तर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पण घाई नसेल तर एका काठाने जायचं, बंधारा ओलांडायचा, दुसऱ्या काठाने जायचं. माझ्या मते कोल्हापूरच्या आसपास सायकलला यापेक्षा सुंदर रस्ता नाही. ऊस, भाताची खाचरं, मधेच एखादं गुऱ्हाळ, आणि नदी कायम हाताशी. खाली चिखलीजवळ प्रयागाला हीच भोगावती कासारी, कुंभी, तुळशीच्या पाण्याला मिळते आणि पंचगंगा होते.

धरणाच्या वर मात्र नजारा एकदम बदलतो. ऊस संपतो, जंगल सुरू होतं. रस्ता धरणाच्या फुगवट्याच्या कडेने वळसे घेत दाजीपूरला जातो, पंचवीस-तीस किलोमीटर. हे जंगल टिकलं त्याचं कारण ऐकायला फारसं गोड नाही. ते संस्थानाच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. मारायला गवे हवेत म्हणून गवे राखले! पुढे १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ साली ते वाढवून राधानगरी अभयारण्य केलं, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यात महाराष्ट्रातली चार, कास, कोयना, चांदोली आणि आपली राधानगरी. जंगल राखीव म्हणून वस्ती नाही, वस्ती नाही म्हणून वाहन नाही.

इथे माझ्या त्या मित्राला मी जे सांगितलं नव्हतं ते सांगायला पाहिजे. दुसऱ्या एका खेपेला, मे महिन्यात, फुगवट्याच्या कडेला चहाच्या टपरीवर थांबलो होतो. पाणी बरंच खाली गेलेलं. अशा दिवसांत पाण्यातला बेनझीर व्हिला, म्हणजे शाहू महाराजांनी बांधलेला बंगला, नीट दिसतो आणि लोक त्याचे फोटो काढतात. मीही काढत होतो. शेजारी बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांनी बंगल्याकडे नाही, अलीकडच्या उघड्या पडलेल्या चिखलाकडे बोट केलं.

"त्या तिथं आमचं रान हुतं."

"कुठं आजोबा?"

"ते काय, बांध दिसत्यात की अजून. उन्हाळ्यात दिसत्यात."

खरंच होते. चिखलात दगडांच्या ओळी, एकाखाली एक, भातखाचरांच्या बांधासारख्या. मी विचारलं, पैसे मिळाले का? ते म्हणाले, "बाला मिळालं आसतील. मी ल्हान हुतो." आणि मग सहज म्हणाले, "आता हितनं पानी जातंय थेट कोल्हापूरला. खालच्यांचा ऊस झाला." तक्रारीचा सूर नव्हता. भाव सांगावा तसं सांगितलं.

त्या दिवसापासून तो फुगवट्याकडेचा रस्ता माझ्यासाठी थोडा बदलला. आपण ज्याला शांतता म्हणतो तिच्यातली बरीचशी म्हणजे उठून गेलेली माणसं आहेत. याच तालुक्याच्या परिसरात पुढे तुळशी आणि काळम्मावाडी ही आणखी दोन धरणं झाली. काळम्मावाडीचं धरण राधानगरीच्या तिप्पट, २५.३९ टीएमसी. त्यातून उठलेल्या लोकांच्या वसाहती खाली सपाटीवर आहेत, त्यांच्या पाट्यांवर अजून मूळ गावाचं नाव असतं. अभयारण्याच्या आत राहणाऱ्यांचा पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं चालू आहे. जे राहिलेत त्यांच्या शेतात गवे उतरतात. आम्ही सायकलवाले गवा दिसला की महिनाभर फुशारक्या मारतो. ज्याचं भात तुडवलं जातं तो काय करत असेल?

आणि तरीही ही शांतता काही पक्की नाही. २०२४ साली गगनबावड्याखालचा करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद केला, तर तिकडची बरीचशी वाहनं फोंड्याकडे वळली. दाजीपूरच्या ज्या वळणांवर आम्ही दोन-दोन जण गप्पा मारत जायचो तिथे एका ओळीत, कडेच्या खडीवर उतरत जावं लागलं. त्याच वर्षी नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाविरुद्ध कोल्हापूर जिल्ह्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले होते. आमच्या टोळक्यातला एक म्हणाला, "होऊ दे की, मोठा रस्ता झाला तर सगळे ट्रक तिकडं जातील, आपला फोंडा कायमचा मोकळा." हिशोब बरोबर आहे, ट्रेमोलाचाही तोच. फक्त त्या मोठ्या रस्त्याखाली कुणाचं रान जाणार आहे, हे तो ज्या सहजपणे वगळून गेला ते मला काही आवडलं नाही. आम्ही त्यावर परत येताना परित्यापर्यंत भांडलो. असो.

जाणार असाल तर वेळेचं सांगतो. जून ते सप्टेंबर नको. तिथला पाऊस मिलिमीटरमध्ये नाही, मीटरमध्ये मोजावा असा असतो, बंधारे पाण्याखाली असतात आणि राऊतवाडीच्या धबधब्यासाठी रविवारी जी गर्दी लोटते तिला शांत म्हणायची सोय नाही. डिसेंबर-जानेवारीत थंडी झकास, पण कारखान्यांचा हंगाम जोरात असतो आणि उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गाणी लावून मागून आला की कडेला उभं राहणं एवढंच आपल्या हातात. (ट्रॅक्टरवाला भला माणूस असतो, पण त्याला मागचं काही दिसत नाही.) मला आवडतो तो दिवाळीच्या अलीकडचा-पलीकडचा काळ. भात कापणीला आलेलं, बरगे नुकतेच घातलेले, नदी काठोकाठ आणि उसाच्या मोळ्या अजून रस्त्यावर आलेल्या नाहीत. पहाटे पाचला रंकाळ्यावरून निघायचं, दूधवाले सायकलींवरून, मोटरसायकलींवरून समोरून येत असतात. दाजीपूरच्या बाजूला मात्र चांगलं उजाडल्याशिवाय जाऊ नका, गवे रस्त्यावर असतात आणि त्यांना ब्रेक नसतो.

बंधाऱ्यावरून जाताना सायकलवरून उतरा. कठडे बहुतेक ठिकाणी नाहीत. समोरून वैरणीचा भारा घेऊन कुणी बाई येत असेल तर अलीकडेच थांबा, वाट तिची.